प्रकाशाची करवत : बारामती, पाबळ आणि ०.२ मिलिमीटरची गोष्ट

१/
पाबळ म्हटले की इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाला मस्तानी आठवते. थोरल्या बाजीरावाच्या काळात हे गाव तिच्याकडे आले, १७४० मध्ये तिचा अंत झाला आणि तिची कबर आजही तेथे आहे. या धाग्यातले पाबळ तेच. काळ मात्र अडीचशे वर्षांनंतरचा, आणि विषय लेझर कटरचा.

२/
पाबळ पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात आहे. (बीडच्या वाचकांनी शिरूर कासार समजू नये, हे घोडनदीकाठचे शिरूर.) सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर मागे उरतो तो हा पर्जन्यछायेचा प्रदेश. तो पूर्वेकडे पसरत बालाघाटच्या डोंगरापर्यंत, बिंदुसरेच्या काठच्या पालीपर्यंत जातो. विहीर आटली की गाव रिकामे होऊ लागते, हे या साऱ्या पट्ट्याचे समान भाग्य. दुष्काळी असणे हेच पाबळच्या निवडीचे एक कारण ठरले.

३/
निवड करणारे होते डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, अन्नतंत्रज्ञानातील संशोधन, पुढे मुंबईत हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात वरिष्ठ पद. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये पत्नीसह पाबळला येऊन 'विज्ञान आश्रम' सुरू केला. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचा हा प्रकल्प. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांची ही संस्था.

४/
आश्रम हा शब्द येथे फसवा आहे. तेथे ध्यानधारणा नव्हती, वेल्डिंग होते. शाळेतून गळालेली, दहावीला अडखळलेली मुले वर्षभर राहायला येत आणि चार विभागांतून फिरत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. 'डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी' असे या अभ्यासक्रमाचे नाव. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने पुढे त्याला मान्यता दिली.

५/
चारही विभाग प्रत्येकाने करायचे, हा नियम वरकरणी साधा वाटतो. पण लाकूड सुताराने तासावे आणि लोखंड लोहाराने तापवावे, अशी कामांची जन्मजात वाटणी जेथे शतकानुशतके चालली, तेथे एकाच मुलाने सकाळी फाळाला सांधा द्यावा आणि दुपारी रक्तगट तपासायला शिकावे ही लहान गोष्ट नव्हती. बलुतेदारीत कौशल्य होते, यात शंका नाही. ते घराबाहेर जात नव्हते, ही अडचण होती.

६/
या विचाराला पूर्वज आहेत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक अभ्यासक्रमात शेती आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी केली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींची 'नई तालीम' मांडली गेली. तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. चरखा मात्र शाळांच्या कोपऱ्यात धूळ खात पडला. कलबागांनी चरख्याच्या जागी गावाला त्या दिवशी खरोखर लागणारे काम ठेवले, आणि ते काम पैसे घेऊन करायचे असे ठरवले. गिऱ्हाईक पैसे देत असेल तर काम नीट करावेच लागते. त्याहून कडक परीक्षक कोठे मिळणार?

७/
आता थोडा वेळ पाबळ सोडून त्याच पुणे जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावी जायला हवे. बारामती. तेथे २ जुलै १९३८ रोजी चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, त्यांनी १९५८ मध्ये पदवी घेतली. मग स्टॅनफर्ड, १९६१ मध्ये डॉक्टरेट, आणि थेट न्यू जर्सीतील बेल लॅब्ज.

८/
तोवर लेझर जन्माला येऊन जेमतेम वर्ष झाले होते. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. त्यानंतर हेलियम-निऑनचा वायू लेझर आला. तो सुंदर होता, अखंड चालत होता आणि अतिशय दुबळा होता. त्याने कागदसुद्धा तापत नसे. 'प्रश्न शोधत फिरणारे उत्तर' अशी त्या काळी लेझरची थट्टा होई.

९/
पटेल यांनी वेगळी वाट धरली. अणूतील इलेक्ट्रॉनच्या उड्यांऐवजी रेणूंच्या कंपनांतून प्रकाश काढता येईल का, हा त्यांचा प्रश्न. रेणू त्यांनी निवडला तो अगदी घरगुती : कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच. १९६४ मध्ये हा लेझर चालला. तेव्हा पटेल पंचविशीत होते.

१०/
खरी करामत पुढे आहे. नुसत्या कार्बन डायऑक्साइडमधून मिळणारी शक्ती किरकोळ होती. पटेल यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. विजेच्या झटक्याने नायट्रोजनचा रेणू कंप पावू लागतो, आणि ती ऊर्जा तो सहजी प्रकाश म्हणून टाकत नाही, धरून ठेवतो. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा रेणू येतो. त्याच्या एका कंपनाची ऊर्जा नेमकी तेवढीच असते. टक्कर होते आणि ऊर्जा हातोहात दिली जाते. झोक्याला त्याच्याच लयीत धक्का दिला तर तो उंच जातो, तसे. पुढे हेलियमची भर पडली, वायू थंड राहू लागला, आणि थोड्याच काळात शक्ती शंभर वॅटच्या पलीकडे गेली.

११/
या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. म्हणजे दूरचा अवरक्त. डोळ्यांना दिसत नाही. पण लाकूड, कागद, कापड, चामडे, ॲक्रिलिक, एवढेच काय काच आणि पाणीही त्याला अधाशासारखे शोषून घेतात. थट्टेतल्या उत्तराला प्रश्न सापडला होता.

१२/
१९६७ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या वेल्डिंग संशोधन संस्थेत पीटर होल्डक्रॉफ्ट यांच्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइड लेझरचा झोत आणि ऑक्सिजनचा फवारा एकत्र सोडून १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला गेला. लेझर कटर नावाच्या यंत्राचा वंश येथून मोजतात. पुढची तीसेक वर्षे हे यंत्र मोठ्या कारखान्यांच्या मालकीचे राहिले.

१३/
ते कारखान्याबाहेर पडण्याची कथा अमेरिकेतल्या एमआयटीतली आहे. भौतिकशास्त्रज्ञ नील गर्शनफेल्ड यांनी १९९८ मध्ये तेथे एक वर्ग सुरू केला. '(जवळजवळ) काहीही कसे बनवावे' असे त्याचे नाव. अपेक्षा होती मूठभर संशोधकांची. गर्दी केली वास्तुकलेच्या, चित्रकलेच्या, कधी सोल्डरिंगही न केलेल्या विद्यार्थ्यांनी. २००१ मध्ये 'सेंटर फॉर बिट्स अँड ॲटम्स' उभे राहिले. सरकारी अनुदानाचा समाजाला काय उपयोग, हे दाखवणे आवश्यक होते. लेखी अहवालाऐवजी या मंडळींनी यंत्रांचा एक संच बाहेर पाठवायचे ठरवले. त्याचे नाव फॅब लॅब.

१४/
आणि एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये उभी राहिली ती बोस्टनच्या एखाद्या वस्तीत नव्हे, मस्तानीच्या पाबळात. बोस्टनमधील, घानातील ताकोरादीची, नॉर्वेच्या उत्तर टोकाची, या साऱ्या त्यानंतरच्या. गर्शनफेल्ड यांच्या २००५ च्या 'फॅब' या पुस्तकात विज्ञान आश्रमाला आणि कलबागांना मानाची जागा आहे.

१५/
ही घटना सहसा अशी सांगितली जाते : जगप्रसिद्ध विद्यापीठाने एका खेड्याला यंत्रे दिली. हे सांगणे अर्धवट आहे. २००२ पर्यंत पाबळच्या शेडमध्ये एकोणीस वर्षे काम चालले होते. भूजल शोधण्यासाठी जमिनीचा विद्युतरोध मोजणे तेथील मुलांना येत होते. 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तेथे घडला होता. लोखंडी पट्ट्यांच्या त्रिकोणांचा 'पाबळ डोम' उभा राहिला होता. त्या घुमटात पट्ट्यांच्या लांब्या मोजक्याच असतात, पण एक पट्टी चुकली की चूक सरकत सरकत शेवटच्या सांध्याला जाऊन बसते. मापाचा धाक त्या मुलांना आधीच होता. एमआयटीला एक कार्यशाळा हवी होती जिच्यापाशी स्वतःचे प्रश्न आहेत. ती पाबळला होती.

१६/
सुरुवातीच्या कामांचा रोखही तसाच होता : दुधाची प्रत मोजणारे साधन, डिझेल इंजिनाचा टायमिंग जुळवण्याचे साधन. दोन्ही गोष्टींत शेतकऱ्याचा पैसा रोज गळत असतो. विकतची उपकरणे महाग होती किंवा दूर होती.

१७/
कलबागांना हा नवा अध्याय फार पाहता आला नाही. ३० जुलै २००३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे सहकारी योगेश कुलकर्णी यांनी आश्रमाची धुरा घेतली.

१८/
आता प्रत्यक्ष यंत्राकडे. फॅब लॅबच्या ठरावीक संचात लेझर कटर, स्टिकर कापणारा साइन कटर, छोटे मिलिंग यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्सची सामग्री असते. यांतले सर्वांत आधी शिकवले जाते ते लेझर कटर. कारण साधे आहे : ते लगेच फळ देते. संगणकावर रेघ काढली, बटण दाबले, दोन मिनिटांत तुकडा हातात. करवतीने सरळ रेषेत प्लाय कापायला ज्याला महिना लागला असता, त्याला पहिल्याच दिवशी गोल चाक कापता येते.

१९/
पण पहिला धडा कापण्याचा नसतो. काय कापायचे नाही, याचा असतो. पीव्हीसी कदापि नाही. त्यात क्लोरीन असतो. किरण लागला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो फुप्फुसे जाळतो आणि यंत्राचे लोखंड गंजवतो. शहरातल्या पुस्तकात हे वाक्य एका ओळीत संपते. गावात ते लांबते. कारण गावात सहज मिळणारे पातळ साहित्य म्हणजे वाढदिवसाचा जुना फ्लेक्स आणि पाट्या रंगवणाऱ्याकडे उरलेला सनबोर्ड. दोन्ही पीव्हीसीच! दिसायला कागदपुठ्ठ्यासारखे, फुकटचे, आणि नेमके निषिद्ध.

२०/
ॲक्रिलिक चालते, त्याची कड काचेसारखी चकचकीत येते. त्याचा जुळा भाऊ दिसणारे पॉलिकार्बोनेट पिवळे पडते, काजळते. पत्रा कापत नाही. लहान यंत्राचा किरण त्यावरून परावर्तित होतो. यंत्र चालू असताना सोडून जायचे नाही, कारण आत शेवटी लाकूडच जळत असते. धूर ओढणारा पंखा आधी, किरण नंतर.

२१/
झाकणाची गंमत सांगण्यासारखी आहे. ते पारदर्शक असते, आत सगळे दिसते, मग किरण बाहेर कसा येत नाही? तरंगलांबीमुळे. आपल्या डोळ्यांना जे पारदर्शक, ते १०.६ मायक्रोमीटरला भिंतीसारखे. म्हणूनच आतले भिंगही काचेचे नसते. झिंक सेलेनाइडचे, पिवळसर रंगाचे असते. काच किरण अडवते आणि पिवळा स्फटिक वाट देतो. पाहणे आणि आरपार जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्या झाकणाशी उभे राहून लवकर कळते.

२२/
दुसरा धडा फोकसचा. किरण भिंगातून एका बिंदूवर आवळला जातो. भिंग आणि पृष्ठभाग यांतले अंतर थोडे चुकले तर खाच रुंद आणि करपलेली. तिसरा, वेग आणि शक्ती यांच्या जोडीचा. शक्ती जास्त, वेग कमी : प्लाय जळतो. उलट केले तर तुकडा सुटत नाही. या जोड्यांचा तक्ता कोणी आयता देत नाही. डिंक वेगळा, लाकूड वेगळे, हवेतला दमटपणा वेगळा. टाकाऊ तुकड्यावर चौकोनांची रांग कापून आपला तक्ता आपणच करायचा असतो.

२३/
चौथ्या धड्याला पाश्चात्त्य कारागीर 'कर्फ' म्हणतात. करवतीच्या पात्याची जाडी लाकूड खाते, हे प्रत्येक सुताराला ठाऊक. प्रकाशाला जाडी नाही असे वाटते. पण तोही खातो. संगणकावर २० मिलिमीटरचा चौकोन काढला आणि कापून व्हर्नियरने मोजला तर तो, समजा, १९.८ भरतो. प्रत्येक बाजूने ०.१ गेले, खाच ०.२ मिलिमीटरची. तेच माप भोकाच्या बाजूने उलटे लागते : ३ मिलिमीटरची फट काढली की ३.२ ची मिळते आणि ३ मिलिमीटरचा प्लाय तीत खुळखुळतो. म्हणून फट २.८ ची काढायची. मग खिळा नको, डिंक नको. दोन तुकडे एकमेकांत दाबून बसतात. त्यात आणखी एक मेख आहे. बाजारातला '३ मिलिमीटर' प्लाय मोजला तर क्वचितच ३ भरतो. आधी प्लाय मोजावा, मग रेघ काढावी.

२४/
येथे गणित नापास झालेल्या मुलाची गाठ दशांश चिन्हाशी पडते. वहीत ०.२ चुकले तर लाल रेघ मिळायची. येथे खोका उभाच राहत नाही. लाल रेघेचा राग येतो. खुळखुळणाऱ्या खोक्याचा येत नाही, तो पुन्हा कापावासा वाटतो. कलबागांच्या साऱ्या पद्धतीचा भर नेमका या फरकावर होता, आणि तो त्यांनी लेझरच्या कितीतरी आधी, वेल्डिंगच्या टेबलावर ओळखला होता.

२५/
शिकण्याची दुसरी वाट २००९ नंतर उघडली. 'फॅब अकॅडमी' नावाचा जगभरचा अभ्यासक्रम सुरू झाला. बुधवारी बोस्टनमध्ये सकाळचे ९ वाजतात, गर्शनफेल्ड बोलू लागतात. तेव्हा भारतात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. पाबळचे केंद्रही या वर्गात असते. सुरुवातीच्या आठवड्यांतला गृहपाठ ठरलेला : आपल्या लेझरची खाच मोजा, आणि दाबून बसणाऱ्या तुकड्यांचा संच बनवा. तोच गृहपाठ त्याच आठवड्यात युरोपातला आणि दक्षिण अमेरिकेतला विद्यार्थीही करत असतो. चुकांसकट सगळे लिहून जाहीर ठेवायचे, ही अट.

२६/
सगळे इतके गोड नाही. ब्राझिलचे शिक्षणसंशोधक पाउलो ब्लिकस्टीन यांनी २०१३ मध्ये एका दुखण्याला नाव दिले : की-चेनचा रोग. मुलांना लेझर कटर दिला की ती नावाच्या की-चेन कापतात. सुरेख दिसतात, सगळे कौतुक करतात, आणि मुले तेथेच थांबतात. यंत्र जितके सहज फळ देते, तितकी पुढे जाण्याची गरज कमी होते. आपल्याकडे की-चेनच्या जागी नावाची पाटी, ट्रॉफी आणि पाहुण्यांना द्यायचे स्मृतिचिन्ह आहे.

२७/
दुसरे दुखणे पैशाचे आणि विजेचे. आयात केलेल्या यंत्राची किंमत लाखांत. काचेच्या नळीची चिनी यंत्रे पुष्कळ स्वस्त, पण नळीचे आयुष्य ठरावीक तासांचे, आणि तिला थंड पाण्याचा सतत प्रवाह लागतो. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोजचे भारनियमन सोसले. अर्ध्यावर वीज गेलेला तुकडा पुन्हा त्याच जागी नेमका बसवणे हे लेझरवरचे सर्वांत कंटाळवाणे काम. भिंगावर धूळ बसली की ते तापून तडकते. आणि धूळ ही पर्जन्यछायेतली एकमेव मुबलक गोष्ट. २०१६ नंतर अटल टिंकरिंग लॅबमुळे शाळांत थ्रीडी प्रिंटर आले, त्यांनाही हाच प्रश्न आहे : बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार? पाबळला त्याचे उत्तर होते, कारण तेथे यंत्राच्या आधी दुरुस्ती शिकवत.

२८/
म्हणून पाबळच्या लेझरपेक्षा पाबळचा शाळांतला पसारा अधिक महत्त्वाचा मानायला हवा. तेथील कार्यक्रम 'मूलभूत तंत्रज्ञान' या नावाने आठवी ते दहावीसाठी राज्याच्या शालान्त मंडळाचा मान्य विषय झाला. आठवड्यातला एक दिवस, चार विभाग, गावातलाच कारागीर निदेशक. त्यासाठी लेझर लागत नाही. पटाशी, ड्रिल, मल्टीमीटर आणि शेतीचा तुकडा लागतो. दसऱ्यानंतर ज्यांची कुटुंबे ऊसतोडीला निघतात त्या बीडच्या मुलांची शाळा वर्षातून काही महिने तुटते. सलग पाठांतरावर उभ्या असलेल्या विषयात असे मूल मागेच पडते. एका दिवसात पुरे होणारे काम ते परतल्यावरही हाती घेऊ शकते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावीपासून व्यवसाय शिक्षण आणि दप्तराविना दहा दिवस सुचवले तेव्हा पाबळला तेच काम करून तीन तपे झाली होती.

२९/
ऑगस्ट २००९ मध्ये जगभरच्या फॅब लॅबचे पाचवे संमेलन पुण्यात भरले. निरनिराळ्या देशांतली मंडळी आली. त्यांच्या बहुतेकांच्या कार्यशाळांत लेझर कटर होता, आणि त्याच्या नळीत कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे तेच मिश्रण होते. ज्या शहरात हे संमेलन भरले, तेथूनच एक्कावन्न वर्षांपूर्वी कुमार पटेल नावाचा बारामतीचा तरुण पदवी घेऊन बाहेर पडला होता.